वायपर ब्लेड आठ महिने वापरले, दोष निघाला भलतीकडेच

गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक, पुण्यात उघड्यावर उभी असते. गेल्या जूनमध्ये फ्रेमलेस (वर धातूचा सांगाडा नसलेल्या) ब्लेडची जोडी घेतली, ड्रायव्हर साईडला २२ इंची आणि शेजारी १६, नऊशे गेले. बसवायला दोन मिनिटं, फक्त ब्लेड काढलं की मोकळा आर्म (ब्लेड धरणारा दांडा) काचेवर आपटू देऊ नका, स्प्रिंगचा जोर असतो, काच तडकू शकते, मी खाली जाड टॉवेल टाकतो.

दोन आठवडे झकास. मग ताम्हिणीत धो धो पाऊस आणि ड्रायव्हर साईडचं ब्लेड वर जाताना गप्प, खाली येताना थडथड थडथड, बायको म्हणाली हे बंद कर नाहीतर मी उतरते. दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत जोडी बदलून आणली (बिचाऱ्याने कुरकुर न करता दिली), चार दिवसांत परत तेच.

शेवटी गॅरेजवाले काका म्हणाले, "ब्लेडचं काय घेऊन बसलास, काच बघ आधी." बोट फिरवलं तर ओशट! धुणारा पोरगा बॉडीचं पॉलिश काचेवर पण फिरवत होता, वर ट्रकच्या धुराचा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसली, पट्टे गेले, थडथड निम्मी झाली. उरलेली एकाच बाजूला येताना होती म्हणजे आर्म पिळलेला, ब्लेड काचेला काटकोनात हवं म्हणजे दोन्हीकडे रबर नीट उलटतं. काकांनी पकडीने केसभर वळवला, संपलं. पहिली जोडी उगाच बदनाम केली.

नोव्हेंबरात धूळ सुरू झाली आणि काचेवर उडणारं वॉशरचं पाणी बंद. यात आधी कान द्यायचा: लिव्हर ओढल्यावर मोटरची गुरगुर येते का? नसेल तर फ्यूज, कनेक्टर, मग मोटर. माझी गुरगुरत होती. बॉनेट उघडून नोझलची नळी उपसली तर पिचकारी थेट शर्टावर, म्हणजे नोझलच तुंबलेलं. टाकीत सोसायटीचं बोअरचं पाणी भरायचो ना, क्षार बसले. नोझल काढून व्हिनेगरमध्ये बुडवलं, उलटीकडून हवा मारली, सुटलं. सुई आत खुपसू नका, खडा अजून घट्ट बसतो. दुसरी नळी तर उंदराने कुरतडलेली, तिथे फिश टँकची नळी लावली, तीस रुपये, अजून टिकलीये. भांड्याचा साबण टाकीत घालायचा प्रयोगही झालाय, नुसता फेस आणि उन्हात काचेवर पांढरे डाग.

आता ब्लेडबद्दल. आवाज नाही, पण काचेच्या गोलाईवर टोकाशी दोन बोटं पट्टी पुसलीच जात नाही, जुन्या फ्रेमवाल्या ब्लेडने ती पुसली जायची. ड्रायव्हर साईडचं रबर उन्हाने कडक व्हायला लागलंय, शेजारचं अजून नव्यासारखं आहे. जूनआधी एकच घ्यायचा विचार होता, पण दुकानात सुटं देत नाहीत म्हणे, जोडीच घ्या.