प्राध्यापकांसाठी उद्योजकता प्रशिक्षण : दोन आठवड्यांच्या एफडीपीविषयी अभिप्राय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार नवे अभ्यासक्रम लागू झाल्यानंतर उद्योजकतेचे पेपर कला आणि विज्ञान शाखांपर्यंत पोहोचले, आणि ज्यांचा कार्यभार कमी भरतो अशा प्राध्यापकांकडे ते सोपवले जाऊ लागले. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझ्याकडेही हा पेपर आला, म्हणून आमच्या भागातील एका संस्थेने घेतलेल्या दोन आठवड्यांच्या एफडीपीला (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, म्हणजे प्राध्यापकांसाठीचा प्रशिक्षणवर्ग) मी गेलो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने, अहमदाबादच्या भारतीय उद्योजकता विकास संस्थेच्या समन्वयाने देशभर असे वर्ग होत आले आहेत, आणि या वर्गाची रचनाही साधारण त्याच धर्तीची होती.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सिद्धिप्रेरणेचे, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याच्या आंतरिक ओढीचे सत्र. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात आंध्रातील काकीनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना जे प्रशिक्षण दिले, त्यातूनच आपल्याकडची ही परंपरा रुजली. या सत्रातील खुंटीवर रिंगा टाकण्याच्या खेळात किती अंतरावर उभे राहायचे हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते. मराठीच्या एक प्राध्यापिका खुंटीला जवळजवळ चिकटून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सगळ्या रिंगा अचूक पडल्या. प्रशिक्षकांनी गुण मोजण्याआधी विचारले, "मॅडम, इथूनच का?" त्या म्हणाल्या, "चुकलं तर सगळे बघतात ना." त्यानंतर तासभर चर्चा झाली ती आपण विद्यार्थ्यांना चुकण्याची संधी कुठे देतो, अंतर्गत मूल्यमापनात धाडसाला गुण का नसतात आणि झेपेल इतकी जोखीम ओळखायला कसे शिकवावे, यावर. हा तास कोणत्याही विषयाच्या वर्गात जसाच्या तसा घेता येतो.

प्रकल्प अहवालाच्या सत्रांबाबत मात्र असे म्हणता येणार नाही. इतिहास, मराठी, रसायनशास्त्र अशा सर्वांनाच फॅब्रिकेशनच्या कारखान्याचा एकच नमुना देण्यात आला. त्यात दरमहा विक्री गृहीत धरून ना नफा ना तोटा बिंदू काढलेला होता. माझा विद्यार्थी आंब्याची रोपवाटिका काढणार असेल, तर पावसाळ्यात बांधलेली कोयकलमे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर विकली जातात, म्हणजे मजुरी आज द्यायची आणि पैसे वर्षाने हाती यायचे. तिथे हा तक्ता निरुपयोगी ठरतो. अनुवादाच्या व्यवसायात यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही, परंतु बिलाचे पैसे येईपर्यंत तग धरायला खेळते भांडवल लागतेच. ज्या त्या विषयातून असे हिशेब प्राध्यापकांकडूनच मांडून घेतले असते, तर प्रत्येकजण शिकवण्याजोगे काहीतरी घेऊन परतला असता.

औद्योगिक वसाहतीतील भेट ठीक होती. तेथील एका लघुउद्योजकाने येणी असलेली वही समोर ठेवून सांगितले की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे बंधनकारक असले, तरी मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते. एवढी स्पष्ट माहिती एकाही व्याख्यानात मिळाली नाही.

खरी उणीव त्यापुढची आहे. प्रमाणपत्र हाती पडले की संपर्क संपतो. अमेरिकेत 1995 मध्ये सुरू झालेली, आता व्हेंचरवेल या नावाने ओळखली जाणारी संस्था प्राध्यापकांना नवे अभ्यासक्रम उभारण्यासाठी अनुदान देत आली आहे. आपल्याकडे तेवढा निधी नसला तरी शैक्षणिक सत्रात एकदा पाठपुराव्याची बैठक आणि विषयवार मार्गदर्शक एवढे निश्चित शक्य आहे, आणि आयोजकांनी ते मनावर घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून जाणाऱ्यांना दोन आठवडे लांबलचक वाटतील. ज्यांना हा पेपर मनापासून शिकवायचा आहे त्यांनी अवश्य जावे, शक्यतो दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याला बरोबर घेऊन. अर्ज भरण्यापूर्वी प्रशिक्षकांमध्ये वाणिज्य आणि अभियांत्रिकीबाहेरचे कोणी आहे का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.