सोलापूरच्या गच्चीवरून ड्युअल नॅरोबँड फिल्टर: पैसे वसूल, पण रंग तुम्हालाच लावायचेत

आकाशातल्या तेजोमेघांचे फोटो काढायला हा फिल्टर गेल्या थंडीपासून वापरतोय, आता बोलायला हरकत नाही. फिल्टर २ इंची, ड्युअल नॅरोबँड, म्हणजे उजेडाच्या दोनच अरुंद पट्ट्या आत सोडणारा, दोन्ही बँड ७ नॅनोमीटरचे. एक एच-अल्फावर (चमकत्या हायड्रोजनचा लाल उजेड) म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरला आणि दुसरा ओ-थ्रीवर (ऑक्सिजनचा निळसर-हिरवा उजेड) म्हणजे ५००.७ ला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण या रेंजमधल्या फिल्टरांत एकोणीस-वीसचाच फरक आहे आणि नाव घेतलं की चर्चा तिकडेच घसरते. किंमत पंचवीस-तीस हजारांच्या घरात. बाकी सामान साधंच, ८० एमएमचा एफ/६ रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), कूल्ड कलर कॅमेरा, इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारा स्टँड), आणि जागा म्हणजे भर शहरातली आमची गच्ची, जिथे शेजारच्या काकू अजून विचारतात, काय बघालाव ओ रात्रभर?

आधी चांगलं सांगतो. शहराचा उजेड हा फिल्टर अक्षरशः कापतो. जुने पिवळे सोडियमचे दिवे ५८९ च्या आसपास चमकायचे, ते तर यातून येतच नाहीत. आता रस्त्यावर सगळीकडे पांढरे एलईडी झालेत, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो त्यामुळे थोडा आत येतोच, पण ७ नॅनोमीटरच्या फटीतून येऊन येऊन किती येणार. फिल्टर नसताना दोन मिनिटांची फ्रेम मातकट करडी होऊन जायची, आता पाच-पाच मिनिटांचे सब्स (सुट्या फ्रेमा) घेतो तरी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) डावीकडची भिंत जेमतेम सोडतो.

टेस्टला रोझेट नेब्युला, म्हणजे गुलाबासारखा दिसणारा तेजोमेघ, घेतला. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर, त्यामुळे रोझेट जवळजवळ डोक्यावरून जातो, हा आपला मोठा फायदा. तोटा असा की ध्रुवतारा पण तेवढाच, साडेसतरा अंशांवर, म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागे आणि धुळीत, पोलर अलाइनमेंटला (माउंट ध्रुवाकडे जुळवायला) घाम फुटतो, पण त्यात फिल्टरचा काय दोष. आणि रोझेटचा सीझन म्हणजे जानेवारी, म्हणजे नेमकी गड्ड्याची जत्रा, होम मैदानावरचे पाळणे, दुकानांचे फोकस, वर धूळ. एच-अल्फाला त्याचं काही सोयरसुतक नाही, पाकळ्यांसारख्या कडा आणि त्यातले काळे धुळीचे धागे पहिल्याच फ्रेममध्ये दिसले. लई भारी वाटलं.

ओ-थ्रीचं मात्र तसं नाही. जाहिरातीत चंद्र असला तरी चालतं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. चंद्राचा उजेड म्हणजे शेवटी सूर्याचाच उजेड, आणि निळ्या-हिरव्या बाजूचा उजेड हवेत तांबड्यापेक्षा जास्त विखुरतो. त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास ओ-थ्रीत सरळ एका बाजूने पांढुरका ग्रेडियंट चढतो. मी आता चांदण्या रात्रीचा डेटा फक्त एच-अल्फासाठी धरतो आणि ओ-थ्री अमावस्येच्या आगेमागे घेतो. दुसरी तक्रार हेलोची. रोझेटमधल्या ताऱ्यांना फारसं काही झालं नाही पण हॉर्सहेड नेब्युला लावला तेव्हा शेजारच्या अलनिटाक या तेजस्वी ताऱ्याभोवती गोल फिकट चकती उमटली, फक्त ओ-थ्रीत. प्रोसेसिंगमध्ये ती काढता येते पण फ्लेम नेब्युला तिथेच चिकटून असल्यामुळे हात जपून चालवावा लागतो.

आता मुद्द्याचं, रंग. फिल्टर लावला, फोटो काढला, सुंदर रंग आले असं होत नाही. पहिल्यांदा फ्रेमा स्टॅक करून (एकावर एक जोडून) स्ट्रेच केलं (अंधारे भाग उजळले) की सगळं लालभडक दिसतं कारण रोझेटमध्ये एच-अल्फाच जोरात आहे. कलर कॅमेऱ्यात लाल पिक्सेल चारातला एकच, एच-अल्फा तिथेच पडतो, आणि ओ-थ्री हिरव्या-निळ्या दोन्हींत मिळून पडतो, तरी एच-अल्फाच जिंकतो. म्हणून सिरिल या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे, घ्याच) एक्स्ट्रॅक्शनची स्क्रिप्ट चालवून एच-अल्फा आणि ओ-थ्री अशा दोन वेगळ्या काळ्या-पांढऱ्या फाइली करा, दोघांचं बॅकग्राउंड एका पातळीवर आणा, आणि तारे स्टारनेट नावाच्या सॉफ्टवेअरने आधी बाजूला काढा. मग ओ-थ्री वेगळा, जरा जास्त स्ट्रेच करायचा. इथे मजा आहे, ओ-थ्री नीट वर आणला की दिसतं की तो सगळीकडे नाहीच, मधल्या पोकळीत आहे, एनजीसी २२४४ या तारकागुच्छातल्या तरुण तापलेल्या ताऱ्यांभोवती, आणि बाहेरचं कडं हायड्रोजनचं. म्हणजे निळसर मध्य आणि तांबडी कड हा काही नुसता शोभेचा खेळ नाही, कुठे कुठला वायू चमकतोय ते त्यात दिसतं.

मिश्रणाचं म्हणाल तर लालमध्ये एच-अल्फा, निळ्यात ओ-थ्री हे ठरलेलं, सगळी गंमत हिरव्यात आहे. हिरव्यात पण नुसता ओ-थ्री टाकला तर लाल आणि मोरपंखी अशी दोनच टोकं येतात. मी पिक्सेल मॅथमध्ये ०.३ एच-अल्फा अधिक ०.७ ओ-थ्री करतो, त्याने मधल्या जागी सोनेरी छटा येते. वाढवत गेलात तर पिवळं पडतं, आमटीत हळद जास्त झाल्यासारखं. तारे बघून रंग ठरवणारं नेहमीचं कलर कॅलिब्रेशन या मिश्रणावर दाबू नका, त्या ताऱ्यांच्या रंगाचा मधला सगळा भाग फिल्टरनेच खाल्लेला आहे. तारे फिल्टर काढून छोट्या एक्सपोजरचे वेगळे घ्या, त्यांचंच कॅलिब्रेशन करा आणि शेवटी वर बसवा.

आणि यातून हबल पॅलेट (हबल दुर्बिणीच्या फोटोंतली रंगयोजना) निघतं म्हणणाऱ्यांनो, थोडं थांबा. १९९५ च्या त्या पिलर्स ऑफ क्रिएशनच्या फोटोत लालला एस-टू, हिरव्याला एच-अल्फा, निळ्याला ओ-थ्री होता. एस-टू म्हणजे गंधक, ६७२ च्या आसपास, डोळ्याला एच-अल्फासारखाच लाल, वेगळा दिसावा म्हणून वेगळा रंग दिला. आपल्या ड्युअल फिल्टरमध्ये एस-टूची खिडकीच नाही, तेव्हा आपलं सोनेरी हे फॉर्म्युल्याचं सोनेरी. टाका खुशाल, मीही टाकतो, फक्त खाली हबल पॅलेट लिहू नका. खरा एसएचओ (म्हणजे एस-टू, एच-अल्फा, ओ-थ्री तिन्ही) करणाऱ्यांचे तारे जांभळे-गुलाबी होतात त्यावर मात्र सोपी युक्ती आहे, फोटो निगेटिव्ह करा, सिरिलमधलं रिमूव्ह ग्रीन नॉइझ चालवा, परत निगेटिव्ह करा, गेलं.

फ्लॅट्स (डाग काढण्यासाठी घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) टाळू नका. आमच्या भागात यंत्रमाग आहेत, हवेत कापसाचं तूस असतं आणि ते बरोबर फिल्टरवर येऊन बसतं, फोटोत मोठाले गोल डाग. टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर फ्लॅट घेतले तर लाल चॅनेल अंधारा येतो कारण त्या पांढऱ्या एलईडीत ६५६ चा उजेड कमीच असतो. पहाटेच्या आभाळाकडे तोंड करून वर पांढरा पंचा ताणून घेतलेले फ्लॅट्स बेस्ट आले, आणि पंच्याला सोलापुरात काय तोटा.

उन्हाळ्याचं सांगायचं तर एप्रिलमध्ये रात्री दहालाही स्लॅब तापलेला असतो आणि लांब एक्सपोजरमध्ये सेन्सरचा नॉइझ बोंबलतो, कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्यावर हा फिल्टर लावणार असाल तर त्याच रात्रीचे डार्क्स (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमा) घ्याच. साध्या डीएसएलआरवाल्यांनी तर आधी कॅमेरा मॉडिफाय करून घ्या, आतला कंपनीचा फिल्टर एच-अल्फाचा बराचसा भाग अडवतो, मग हे तीस हजार कुठे घालताय. एफ/२ सारखी फास्ट लेन्स असेल तर ३ नॅनोमीटरच्या मोहात पडू नका, तिरक्या किरणांनी बँड निळ्या बाजूला सरकतो आणि सिग्नलच हातचा जातो, ७ वाला त्यातल्या त्यात सहन करतो.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक मार्क हेलोचा कापला. शहरातून एमिशन नेब्युला (रोझेटसारखे स्वतः चमकणारे वायूचे ढग) करायचे असतील तर डोळे झाकून घ्या. कृत्तिका, अँड्रोमेडा वगैरेसाठी घेणार असाल तर अजिबात नको, त्यांचा उजेड सगळ्या रंगांत असतो, तो हा फिल्टर शहराच्या दिव्यांबरोबरच कापून टाकेल. त्या पैशात पेट्रोल टाका आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या शेतात जाऊन फिल्टरशिवाय काढा.