गेकोची पिल्लं द्यायची कुणाला? एक्स्पो, ऑनलाइन की ओळखीपाळखीत

लेपर्ड गेको या पाळीव पालीची मादी एका वेळी दोनच अंडी घालते. त्यामुळे घरी पहिल्यांदा पिल्लं काढणाऱ्याला वाटतं, दोन तर पिल्लं, कुणीही नेईल. पण ती काही आठवड्यांनी आणखी दोन घालते, मग आणखी दोन. हिवाळा संपताना नर-मादी एकत्र सोडली की उन्हाळा सरेपर्यंत शेल्फवर डब्यांची रांग लागते. डबेही वेगवेगळेच लागतात, कारण एकत्र ठेवलेली पिल्लं एकमेकांच्या शेपट्यांना चावतात. त्यात हा प्राणी नीट सांभाळला तर 15-20 वर्षं जगतो. आज कौतुकाने नेणारा शाळकरी मुलगा तेव्हा नोकरीला लागलेला असेल.

शिकागोच्या आसपास राहून हा छंद करणाऱ्यापुढे मुख्य वाटा तीन: टिनली पार्कला भरतो तसा सरपटणाऱ्या प्राण्यांचा विक्री-मेळा म्हणजे एक्स्पो, असे प्राणी विकायची मॉर्फमार्केटसारखी वेबसाइट आणि ओळखीपाळखी. साध्या रंगाच्या पिल्लाला या तिन्हीकडे साधारण 40 ते 60 डॉलर येतात, भावात फार उन्नीस-बीस नसतं. फरक पडतो तो समोरच्या माणसाशी बोलायला किती वेळ मिळतो यात, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. कमाईचं म्हणाल तर किड्यांचा आणि विजेचा खर्च निघाला तरी गंगेत घोडं न्हालं.

एक्स्पो

टिनली पार्कला मार्च आणि ऑक्टोबरमध्ये एनएआरबीसी (नॉर्थ अमेरिकन रेप्टाइल ब्रीडर्स कॉन्फरन्स) नावाचा मोठा मेळा भरतो. टेबल भाड्याने घ्यायचं, झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत पिल्लं मांडायची, प्रत्येकावर जन्मतारीख, वजन आणि रंगाचा प्रकार लिहायचा. ऑक्टोबरचा मेळा आपल्या सोयीचा, कारण मे-जूनमध्ये निघालेली पिल्लं तोवर चांगली खाऊ-पिऊ लागलेली असतात.

गर्दी तुफान असते आणि तीच अडचण आहे. कुणीतरी डबा उचलून डोळ्यांसमोर धरतो. आतलं बोटभर पिल्लू चारही पाय ताठ करून पाठीची कमान करतं, तोंड उघडतं आणि त्याच्या आकाराला न शोभणारी किंकाळी फोडतं. घाबरलेलं असतं बिचारं, पण बाहेरच्यांना गंमत वाटते, हशा पिकतो, मुलगा हट्ट धरतो, बाबा पाकीट काढतात. दोन मिनिटांत व्यवहार उरकतो. घरी टाकी आहे का, विचारलं तर उत्तर येतं, ‘याच डब्यात राहील ना ही?’ रविवारी दुपारनंतर तर शेजारच्या टेबलांवर भाव पाडायला सुरुवात होते आणि ‘एकावर एक’च्या पाट्या लागतात. तेव्हा येणारं गिऱ्हाईक भाव बघून येतं, प्राणी बघून नाही.

तरी एक्स्पोला एक मोठी सोय आहे जी दुसरीकडे नाही. हीटर, त्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट, टाकी, सगळं त्याच हॉलमध्ये विकायला असतं. मी सरळ सांगतो, ‘आधी थर्मोस्टॅट घेऊन या, पिल्लू तोवर तुमच्या नावाने बाजूला ठेवतो.’ जे कंटाळून निघून जातात ते गेलेलेच बरे. जे पिशवी घेऊन परत येतात त्यांना मी निर्धास्तपणे देतो. ही एक अट सोडली तर एक्स्पोत माणूस पारखायला दुसरं काही हाताशी नसतं.

न विकलेली पिल्लं घरी आणाल तर ती महिना-दोन महिने बाकीच्यांपासून लांब ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी विष्ठेतून पसरतो, गेकोची शेपटी काडीसारखी होते आणि खात्रीचा इलाज नाही. दिवसभर दहा डबे हाताळलेले हात तुमच्याही डब्यांना लागलेले असतात.

ऑनलाइन

मॉर्फमार्केटवर विक्रेता वर्गणी भरतो आणि प्रत्येक पिल्लाचा फोटो, वजन, आई-बापाची माहिती टाकतो. इथे येणारा माणूस सहसा अभ्यास करून आलेला असतो. त्याला नेमका रंग, नेमकी जनुकं हवी असतात. प्रश्नोत्तरं लेखी होतात, म्हणून टाकीचा फोटो मागितला तर कुणाला राग येत नाही. फोटोत मी सगळ्यात आधी तापमापक शोधतो. उबदार बाजू 31 ते 33 सेल्सियस दाखवत असेल तर अर्धी काळजी मिटली.

पण एकीकडे तुम्ही आणि दुसरीकडे टेक्सासमधला माणूस, मध्ये विमान आणि ट्रक. फेडएक्स कुणाही खासगी माणसाकडून जिवंत पाल थेट घेत नाही. शिप युअर रेप्टाइल्ससारख्या सेवेकडून लेबल विकत घ्यावं लागतं, खोका आतून फोमचा लागतो, पिल्लू भोकं पाडलेल्या कपात पेपर टॉवेलमध्ये, आणि खोका सोमवार ते बुधवारच टाकायचा म्हणजे शनिवार-रविवार गोदामात अडकत नाही. पत्ता घराचा न देता फेडएक्सच्या केंद्राचा द्यायचा आणि घेणाऱ्याने तिथून उचलायचं. एका रात्रीत पोचवायचं भाडं कित्येकदा पालीच्या किमतीहून जास्त होतं. बाहेर 40 फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण साडेचार सेल्सियसच्या खाली गेलं की पाठवूच नये. शिकागोचा हिवाळा बघता नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा रस्ता जवळजवळ बंद.

कायद्याचंही बघावं लागतं. अमेरिकेच्या हवाई राज्यात सापांना आणि बहुतेक सरड्या-पालींना मज्जाव आहे. घेणाऱ्याच्या राज्यात जे बेकायदा, ते राज्याची हद्द ओलांडून पाठवलं तर लेसी कायद्याखाली केंद्राचा गुन्हा होतो, मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून फारसं भागत नाही.

आणि जनुकांबाबत लपवाछपवी नको. लेमन फ्रॉस्ट हा पिवळाधमक प्रकार एके काळी हजारो डॉलरला जायचा. त्यात 80 टक्क्यांहून अधिक पालींना पांढऱ्या रंगपेशींची गाठ होते, हे 2021 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी जनुकासकट दाखवून दिलं. एनिग्मा प्रकाराच्या पालींचा तोल जातो, मान वाकडी होते, गोल गोल फिरतात. तुमच्या जोडीत यांपैकी काही असेल तर त्या जोडीची पिल्लंच काढू नका. कुणाला देऊ हा प्रश्न तिथे उरतच नाही.

फेसबुकवर माणसांनी आपसात जनावरं विकायला बंदी आहे. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटवरही विक्री चालत नाही, किरकोळ रक्कम घेऊन ‘नवं घर शोधतोय’ एवढंच चालतं. तिथे मी जात नाही. फुकट किंवा दहा डॉलरला मिळणारं पिल्लू हवं असलेल्यांत ते दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकणारे असतात आणि आपल्या सापाला खाऊ घालणारेही असतात.

ओळखीपाळखी

माझा कल इकडेच. शिकागो हर्पेटॉलॉजिकल सोसायटी 1966 पासून आहे. तिच्या बैठकांना येणारे लोक वर्षानुवर्षं सरपटणारे प्राणी सांभाळत आलेत, आणि टाकून दिलेल्या प्राण्यांना घर शोधून देण्याचं कामही सोसायटी करते. इथे ‘पुढच्या महिन्यात भेटू’ म्हणता येतं, आणि खरंच भेट होते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर, मुलांच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, हेही चांगले दुवे.

आपल्या मराठी घरांत द्यायचं तर गोष्ट थोडी वेगळी होते. मुलं इथे वाढलेली, त्यांना गेको म्हणजे खेळणं वाटत नाही, हवीहवीशी असते. पण सोफ्यावर बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर शंकेची पाल चुकचुकलेली स्पष्ट दिसते. तिच्याशी बोलल्याशिवाय पिल्लू देऊ नये, कारण सहा महिन्यांनी किडे आणायचं काम तिच्याच गळ्यात पडणार असतं. माझे ठरलेले प्रश्न हे: डिसेंबरमध्ये तीन आठवडे भारतात जाल तेव्हा खायला कोण घालणार? आजी-आजोबा उन्हाळ्यात सहा महिने राहायला येणार असतील, तर त्यांच्या खोलीशेजारी पाल चालेल का? घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? गेकोच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था लहान मुलं व 65 वर्षांवरच्या माणसांच्या घरात असे प्राणी नकोत असंच सांगते. फ्रीजमध्ये श्रीखंडाशेजारी मिलवर्म अळ्यांचा डबा चालेल का, हा प्रश्न मी हसत विचारतो, पण उत्तर नीट ऐकतो.

हमखास येणारी मागणी म्हणजे ‘जोडी द्या ना, एकटीला करमणार नाही.’ गेकोला एकटीलाच छान करमतं. दोन नर भांडून एकमेकांना फाडतात आणि नर-मादी दिली तर वर्षभराने त्यांच्या शेल्फवर डब्यांची रांग लागते. म्हणून एका घरात एकच, कुणी कितीही आग्रह केला तरी.

ओळखीतसुद्धा पैसे घ्यावेत. ‘असू दे हो, राहू द्या’ म्हणून फुकट दिलेल्या प्राण्यासाठी दोनशे डॉलरचं सामान घ्यायला माणूस कां-कूं करतो. 40 डॉलर घ्या आणि सोबत सांगा की जमलं नाही तर केव्हाही परत आणा. हे परत आणणं एक्स्पोत विकलेल्याच्या बाबतीत क्वचित होतं आणि विमानाने गेलेल्याच्या बाबतीत जवळजवळ नाहीच. ओळखीत होतं, आणि ते चांगलंच आहे. या वाटेची उणीव एवढीच की घरं मोजकी असतात आणि हळूहळू मिळतात.

दुकानाचं थोडक्यात. मोठ्या साखळी दुकानांचे पुरवठादार ठरलेले असतात, ती तुमच्याकडून घेणार नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचं छोटं स्वतंत्र दुकान घेईल, ठोक भावात किंवा दुकानातल्या मालाच्या बदल्यात. पुढे पिल्लू कुणाकडे गेलं ते तुम्हाला कळणार नाही. मालक ओळखीचा असेल तरच.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच की यातलं काही तिकडे जसंच्या तसं लागू करू नका. पश्चिम भारतात, आपल्या महाराष्ट्रातही, लेपर्ड गेकोची जी भाऊबंद जात रानात आढळते ती आणि तारा कासवासारखे इतर देशी प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते पाळणं-विकणं हा गुन्हा. बॉल पायथन किंवा हिरव्या इग्वानासारखे साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी 2022 च्या दुरुस्तीने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. 2024 च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, घरी पिल्लू झालं किंवा दुसऱ्याला दिलं तरी कळवावं लागतं.

दुर्मीळ रंगाची दोन-चार पिल्लं असतील, पॅकिंगची कटकट झेपणार असेल आणि बाहेर हवा बरी असेल तर ऑनलाइन. साधीच पिल्लं, पण संख्येने जास्त असतील तर ऑक्टोबरचा एक्स्पो, थर्मोस्टॅटच्या अटीसह. बाकी सगळ्यांसाठी ओळखीतली यादी, आणि ती अंडी पडण्याआधी करायची. अंडी 32 सेल्सियसच्या आसपास ठेवली तर बहुतेक नर निघतात, 27 च्या आसपास बहुतेक माद्या. एकेकटी पाळायला नर सोपे, त्यांच्यामागे अंड्यांची भानगड नाही. यादीत जितकी नावं तितकीच अंडी इन्क्युबेटरमध्ये जाऊ द्या. बाकीची घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये.