घरातलं गुपित फोडण्याआधी घेतलेलं समुपदेशन

पाचपैकी चार तारे. लहानपणी घरच्याच माणसाकडून अत्याचार सोसलेल्या प्रौढांसाठीची ही ऑनलाइन समुपदेशन सेवा. माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे मामा. सगळ्या नातेवाइकांसमोर त्याला उघडं पाडायचं, त्यासाठी वाक्यं तयार करून द्या, एवढ्याच हट्टाने मी गेले होते.

वाक्यं मिळाली नाहीत. पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं, "आज त्याच्या आसपास कुणी लहान मूल आहे का?" असेल तर ते आपल्यापुरतं ठेवता येणार नाही, कळवावं लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट केलं. मला राग आला. माझं राहिलं बाजूला. आता मात्र वाटतं, हा प्रश्न न विचारणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊच नये. मूल धोक्यात असेल तर माझ्या मनाची तयारी होईपर्यंत कोण थांबणार? (सुदैवाने तसं कुणी नव्हतं.)

पुढचा प्रश्न त्याहून जड. "तो नाही म्हणाला, तर तुम्हाला काय हवंय?" माझा सगळा बेत त्याच्या कबुलीवर उभा होता. मग त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी १९९७ मध्ये मांडलेला क्रम समजावला: आधी इन्कार, मग सांगणाऱ्यावरच हल्ला, शेवटी आपणच बळी असल्याचा आव. आणि त्याचा सरावही घेतला. बाई माझी आई झाल्या. "इतकी वर्षं गप्प का होतीस?" हे त्यांनी असं काही विचारलं की मी कॅमेराच बंद केला.

त्यावर त्यांनी रोलंड समिट या मनोविकारतज्ज्ञांची १९८३ मधली मांडणी सांगितली. मुलं उशिरा, अडखळत सांगतात, आणि घर हादरलं की सांगितलेलं मागे घेतात. घरचे नेमकी ती माघार पुरावा म्हणून धरतात. मीही लहानपणी मावशीला अर्धवट सांगून, तिचा चेहरा बघून, "गंमत केली" म्हटलं होतं. म्हणून आता पहिल्यांदा सांगायला मावशीच निवडली. ती विसरलेली नव्हती. आईने ऐकून घेतलं आणि विषय बदलला, दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "आता त्याच्या म्हातारपणी हे कशाला उकरतेस?" सराव झाला होता म्हणून मी फोन आपटला नाही. मामासमोर जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही, आणि बाईंनी ते एकदाही रेटलं नाही.

कापलेला तारा यासाठी: मध्येच न विचारता समुपदेशक बदलले. नव्या बाईंनी टिपणं वाचलेलीच नव्हती. "सुरुवातीपासून सांगा," म्हणाल्या. हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणं म्हणजे काय, ते या सेवेला तरी कळायला हवं होतं! भरीला 'क्षमेचा सराव' नावाची प्रश्नावली आपोआप ईमेलवर आली. मी ती उघडून बंद केली. भावंडांच्या भांडणासाठी ठीक असेल.

आजही घरात मारहाण किंवा जबरदस्ती चालू असेल तर ही सेवा तुमच्यासाठी नाही. भेटीची वेळ मिळायलाच दिवस जातात, तेव्हा थेट पोलीस किंवा तातडीची हेल्पलाइन गाठा. बाकीच्यांनी नोंदणी करतानाच समुपदेशक बदलणार नाहीत हे लेखी मागून घ्यावं. घरी एकांत नसेल तर चॅटचा पर्याय निवडा. तो संथ आहे, पण शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही.