वर्षाच्या हळदीसाठी राजापुरी घ्यावी की सेलम?

होळीच्या सुमारास सांगलीच्या बाजारात नवी हळद येते आणि वर्षाचा मसाला करणाऱ्या घरांत जुनाच प्रश्न पुन्हा निघतो: हळकुंडे राजापुरी घ्यावीत की सेलम?

राजापुरीचे हळकुंड आखूड, जाड आणि ठसठशीत असते. साल पातळ आणि गाभा पिवळा, क्वचित फिकटही. तमिळनाडूतून आलेल्या सेलमचा गाभा गर्द पिवळा असून चिमूटभर पुडीनेही आमटीला रंग चढतो. सेलमचे उत्पादनही जास्त आहे: वाळलेली हळद हेक्टरी ७० ते ७५ क्विंटल, तर राजापुरीची त्याहून कमी. त्यामुळे कृष्णाकाठचा शेतकरी सेलमकडे वळला यात नवल नाही. ‘सांगली हळद’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी दुकानात केवळ गावाच्या नावावर समाधान न मानता जात विचारून घ्यावी. साताऱ्याकडील ग्राहकांची आणखी एक गल्लत होते, ती म्हणजे मानांकित वायगाव हळद वाईची समजण्याची. ते वायगाव वर्धा जिल्ह्यातील आहे.

ज्यांना रंग हवा, त्यांनी सेलम घ्यावी. रोजच्या फोडणीसाठी, दुधासाठी आणि लोणच्यासाठी मी मात्र राजापुरीच निवडतो, कारण तिचा वास मला अधिक मोकळा वाटतो; हे माझ्या जिभेचे मत आहे, प्रयोगशाळेचे नव्हे. औषधी गुणासाठी केवळ गर्द रंगावर विसंबणे मला पटत नाही, कारण बाहेरून रंग चढवलेले हळकुंडही गर्दच दिसते. शिवाय हळदीतील करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा आणि औषधी मानला जाणारा घटक, स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही, आणि मिरीतील पाइपरीनमुळे ते शरीरात अधिक शोषले जाते. म्हणून तुपाची फोडणी आणि चिमूटभर मिरी यांचा उपयोग जातीच्या निवडीपेक्षा अधिक होतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र औषध म्हणून हळद घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

जात कोणतीही ठरो, तयार पूड न घेता अख्खे हळकुंड घ्यावे, हा माझा ठाम आग्रह आहे. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, व्यापारी हळद वर्षानुवर्षे साठवत, ती अख्खीच. पुडीचा वास मात्र काही महिन्यांत उतरतो आणि भेसळ लपवायलाही पूडच सोयीची असते. घेताना एक हळकुंड मोडून पाहावे: नीट शिजलेले आणि वाळलेले हळकुंड कडक असते, खट्‌कन तुटते आणि आतून एकसारखे पिवळे दिसते. वाकणारे हळकुंड ओलसर असते, त्याला पुढे बुरशी धरते. अतिशय झळकणारे आणि हात लावताच बोटांना रंग देणारे हळकुंड स्वस्त मिळाले, तरी ते परत ठेवावे. चौघांच्या घरासाठी मी किलोभर हळकुंडे घेतो, त्यातली निम्मी डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कुटून आणतो आणि उरलेली दिवाळीपर्यंत कोरड्या डब्यात अख्खीच ठेवतो.