ग्रीसची बेटं फिरायचीयत? हायस्पीड सोडा, लोकलची बोट पकडा

आपल्याकडच्या ग्रीस पॅकेजमध्ये ठरलेलं असतं, अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी, निळ्या घुमटासमोर फोटो आणि चला घरी. आम्ही ते मुद्दाम टाळलं. मी, नवरा आणि सासूबाई, सप्टेंबरअखेरीस अथेन्सच्या पिरेअस बंदरावरून सिरोस, मग नाक्सोस, मग छोटे सायक्लेड्स म्हणजे इराक्लिया-स्खिनूसासारखी चिमुकली बेटं करत अमोर्गोस असे गेलो, आणि सगळं साध्या फेरीबोटीनं. यॉट-बिट काही नाही, तिथली माणसं दवाखान्याला आणि बाजाराला ज्या बोटीनं जातात त्याच बोटी. म्हणून हा रिव्ह्यू बेटांपेक्षा बोटींचाच जास्त आहे.

पिरेअसला पोचणं आता सोपं झालंय, 2022 पासून मेट्रोची निळी लाइन एअरपोर्टवरून थेट बंदरापर्यंत जाते. फक्त गेट नंबर आधी बघून ठेवा कारण बंदर अवाढव्य आहे आणि बॅगा ओढत चालताना जीव जातो. बोटीत शिरायचं ते मागच्या रॅम्पवरून, ट्रकांच्या बाजूनं, गॅरेजमधूनच, तिथं बेटांच्या नावाचे रॅक असतात, आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग टाकायची आणि वर जायचं. ब्लू स्टार कंपनीची मोठी फेरीबोट घेतली, डेकचं तिकीट काढलं, बाहेर बाकावर बसलो, हातात फ्रेडो एस्प्रेसो म्हणजे तिथली थंड कॉफी, झालं काम.

सिरोसला बहुतेक लोक उतरतच नाहीत, त्यांचं नुकसान. इथलं एर्मूपोली हे सायक्लेड्स या बेटसमूहाचं मुख्य शहर, 1822 मध्ये खिऑस बेटावर ऑटोमन तुर्कांनी केलेल्या कत्तलीतून जीव वाचवून आलेल्या आणि इतर ठिकाणच्या निर्वासितांनी वसवलेलं, एके काळी पिरेअसपेक्षा मोठं बंदर होतं हे. संगमरवरी चौक, टाउन हॉल, 1864 चं अपोलो थिएटर. वर टेकडीवर आनो सिरोस, ही जुनी कॅथलिक वस्ती, आणि रेबेतिको या ग्रीक लोकसंगीतातला मोठा माणूस मार्कोस वाम्वाकारिस इथलाच, जन्म 1905 चा. संध्याकाळी तिथल्या गल्लीत एका टॅव्हर्नामध्ये बुझुकी हे तिथलं तंतुवाद्य चालू होतं, आम्ही जेवण संपल्यावरही उठलो नाही आणि कोणी उठवलंही नाही.

नाक्सोसबद्दल थोडक्यात, पोर्तारा म्हणजे अर्धवट राहिलेल्या देवळाचा भलामोठा दरवाजा, तो संध्याकाळी बघा, आणि तिथले बटाटे खा, खरंच वेगळे लागतात.

आता मुख्य गोष्ट. नाक्सोसवरून इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी करत अमोर्गोसला जाणारी एक्सप्रेस स्कोपेलितिस. नावातच काय ती एक्सप्रेस, बाकी ही समुद्रावरची आपली लाल डबा एसटी. सरकारी अनुदानावर चालते, कारण दीड-दोनशे वस्तीच्या बेटांना नफ्यासाठी कोण बोट सोडणार? ही नाही आली तर त्या बेटांचं भाजी-दूध-औषध अडतं. स्खिनूसाला रॅम्प साखळ्या खडखडत खाली आला, तो धक्क्याला टेकायच्या आतच खलाशानं दोर फेकला, आणि मग एक गादी उतरली, सिलेंडर उतरले, पावाच्या पिशव्या उतरल्या, काळ्या कपड्यातल्या एक आजी अंड्यांचे ट्रे छातीशी धरून उतरल्या, समोरून एकजण नुसतंच पाकीट देऊन कानात काहीतरी सांगून गेला, आणि काही मिनिटांत रॅम्प वर. सासूबाई कठड्याला धरून बघत होत्या, म्हणाल्या, "इथं सगळे एकमेकांना ओळखतात गं." त्याच डेकवर शेजारच्या बाईंनी त्यांना स्वतःच्या डब्यातली अंजिरं दिली, भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती पण गप्पा झाल्या बरं का.

वारा असला की ही छोटी बोट चांगलीच डोलते, उलटीची गोळी आधीच घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, फार जोर झाला तर बोटी बंदरातच थांबवतात. सप्टेंबरातही आमची एका हायस्पीड कंपनीची परतीची फेरी अशीच रद्द झाली, त्यात वाऱ्याला दोष नाही, पण मेसेज आला तो आम्ही धक्क्यावर उभे असताना, आणि काउंटरवर कोणी धड बोलायला तयार नाही. पैसे परत मिळाले, ते मिळायलाच पाहिजेत असा नियम आहे. शिवाय त्या हायस्पीडवाल्यांच्या कॅटमरानमध्ये, म्हणजे दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीत, आधी एकदा बसलो होतो, बंद काचा, एसी, विमानासारख्या सीटा, बाहेर उभं राहायची सोयच नाही. मग समुद्रातून गेलो तरी कशाला?

शाकाहारींची काळजी करू नका. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वर कच्चा कांदा, होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या तेल-लिंबू घालून, भात भरलेले टोमॅटो, टोमॅटोतले मोठे वाल. "निस्तीसिमो" म्हणून विचारा, त्यांच्या चर्चच्या उपवासाचं जेवण असतं, त्यात मांस, अंडं, दूध काही नसतं, पण कोळंबी-कालवं चालतात त्यांना, तेवढं आधी सांगा. दुपारी दोन ते पाच मात्र गाव झोपलेलं, दुकानाची दारं वाजवू नका.

अमोर्गोसला होझोविओतिसा मठ कड्याला चिकटून बांधलाय, पायऱ्या तीनशेच्या आसपास, गुडघे झाकलेले कपडे लागतात. वर पोचल्यावर लोकूम ही मऊ मिठाई आणि छोट्या ग्लासात प्सिमेनी राकी ही मसाल्याची दारू देतात, फुकट. सासूबाईंनी वास घेतला, "दालचिनी-लवंग आहे यात" म्हणाल्या आणि आम्ही काही बोलायच्या आत संपवलीसुद्धा.

तिकिटं ऑगस्टची असतील तर लवकर काढा, सप्टेंबरला एवढी मारामारी नसते पण स्कोपेलितिस रविवारी सहसा नसते ते बघून प्लॅन करा. आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नका, एक रात्र अथेन्सला ठेवाच.