कोल्हापूरच्या राजारामपुरीतली इम्पोर्टेड अँटीऑक्सिडंट डबी: एक स्टार, तोपण झाकणाला

दुकानाचं नाव लिहीत नाही आणि कंपनीचंपण नाही, कारण असल्या डब्या आता सगळीकडंच मिळतात, काळं प्लास्टिक, सोनेरी अक्षरं आणि पुढं फोडलेल्या डाळिंबाचा फोटो. धाकट्या भावानं आणली, 60 कॅप्सूल, 1,850 रुपये, रोज दोन म्हणजे महिन्याचा माल. दुकानदार म्हणे जिमवाल्यांना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस लई असतोय, ही चालू केली की अंग दुखायचं बंद. डाळिंब नक्की किती आहे बघायला लेबल वाचत बसलो तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 50 मिलिग्रॅम. एक दाणापण भरत नाही राव.

एक कॅप्सूल उघडून बघितली, आत केशरी पावडर, जिभेवर आंबट, आणि बोटाला लागली की हळदीगत लवकर निघत नाही. मेन माल असा की दोन कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी 1000 मिलिग्रॅम, ई 400 आययू (आययू म्हणजे व्हिटॅमिन मोजायचं एक माप) आणि बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातला केशरी रंग, ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं, ते 15 मिलिग्रॅम. आता आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2020 च्या हिशोबानं पुरुषाला दिवसाला सी लागतंय 80 मिलिग्रॅम, बाईला 65. ह्यांनी साडेबारा पट कोंबलंय. एवढं एकदम घेतलं की निम्मं तर आतड्यातनं रक्तातच जात नाही, आणि जे जातंय त्यातलंपण जास्तीचं लघवीतनं बाहेर. भावाचं पोट बिघडलं ते ह्याच्यामुळंच असणार, जास्त सी नं जुलाब होतात हे काय नवीन नाही.

दुकानदाराची थिअरी अर्धी खरी आहे हे मान्य. शरीर ऑक्सिजन वापरतं तेव्हा फ्री रॅडिकल म्हणजे दिसेल त्याला भिडणारे अस्थिर रेणू तयार होतात, ते लई झाले की तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, ते पेशीच्या पडद्यातली चरबी नासवतात, डीएनएला धक्का लावतात, ई हे चरबीत विरघळणारं म्हणून पडद्यात बसून त्यांना अडवतंय, म्हणून त्याला अँटीऑक्सिडंट म्हणतात, आणि ई खर्च झालं की सी त्याला परत कामाला लावतंय. डेनहॅम हार्मन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1956 ला म्हातारपणपण ह्यांच्यामुळंच येतं असं मांडलं. पण पुढची अर्धी गोष्ट काउंटरवर कोण सांगत नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला हीच रॅडिकल वापरतात, आणि व्यायामानंतर स्नायूला 'आता सुधार' हा निरोपपण ह्यांच्याकडनंच जातोय. 2009 ला एक जर्मन अभ्यास आला, तरुण पोरांना चार आठवडे व्यायाम आणि त्यातल्या निम्म्यांना रोज सी 1000 मिलिग्रॅम, ई 400 आययू, म्हणजे बरोब्बर ह्या डबीचा डोस. व्यायामानं इन्सुलिन नीट चालायला लागतं तो फायदा गोळी न घेणाऱ्यांना झाला, घेणाऱ्यांना नाही. म्हणजे जिमची फी भरायची आणि वर हे गिळून ती वाया घालवायची.

तरी भावाचं सोडा, तरणा गडी आहे. खरा राग आला तो मामांच्या प्रकरणाचा. रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा माणूस, त्यांना त्याच काउंटरवर सांगितलं की ह्यानं फुफ्फुस साफ होतंय! अहो फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हेच तपासलं होतं, 1994 ला निकाल आला, रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त. अमेरिकेत बीटा कॅरोटीनबरोबर व्हिटॅमिन ए देऊन बघितलं, तिथं 28 टक्के जास्त, ती चाचणी 1996 ला मधनंच बंद करावी लागली. गाजर खाऊन असलं काय होत नाही, हे गोळीतल्या मोठ्या डोसचं लफडं आहे. आणि डबीवर सिगारेटवाल्यांसाठी एक ओळ नाही. मामांना म्हटलं, सिगारेट सोडा नाहीतर निदान ही गोळी तरी सोडा. त्यांनी गोळी सोडली.

कपिलतीर्थ मार्केटला जाऊन पेरू आणा की, एका पेरूत दिवसाचं सी होऊन वर उरतंय. ई ला शेंगदाण्याची चटणी आहेच. मिरचीतपण सी भरपूर असतंय, सेंट-ज्योर्जी ह्या शास्त्रज्ञानं हंगेरीत पाप्रिका मिरचीतनंच किलोनं काढलं होतं आणि 1937 चं नोबेल घेतलं, पण म्हणून तांबड्या रश्श्याच्या वाट्या वाढवू नका, मिरची वाळवून भाजून उकळली की सी फारसं उरत नाही. वर लिंबू पिळा, काम झालं.

घरात म्हातारं माणूस वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर ई चा एवढा डोस अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतोय. डोळ्याच्या मॅक्युलर डिजनरेशनला, म्हणजे म्हातारपणी पडद्याचा मधला भाग खराब होतो त्याला, सी, ई, झिंकच्या गोळ्या देतात आणि आजार वाढायचा वेग त्यानं कमी होतोय हे खरं आहे, पण तो फॉर्म्युला वेगळा, सिगारेटवाल्यांना बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन (पालेभाजीतलं पिवळं रंगद्रव्य) घातलेला, आणि तो डोळ्याच्या डॉक्टरनं लिहून द्यायचा, जिमच्या शेजारच्या दुकानदारानं नाही.

डबी परत करायला गेलो तर सील फोडलंय म्हणून घेतली नाही, ते एक ठीक आहे. पण बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. इम्पोर्टेड मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, नंबर पाहिजे, ह्याच्यावर नुसता किमतीचा स्टिकर. फोटो काढून तक्रार टाकलीय, काय उत्तर आलं तर इथंच खाली लिहितो.